दार लावून घेणारा नट

दर मंगळवारी क्लाइव्ह ऑर्मरॉड हॉलच्या मागच्या दारानं यायचा. लोकरी टोपी कानांवर ओढलेली, काखेत गोष्टींची पुस्तकं, बरोबर चिटपाखरू नाही. तिथं आपल्या पोराला आणणाऱ्या बेथनला नेमकं तेच खटकायचं.

टीव्हीवरची माणसं अशा ठिकाणी येतात ती नाताळच्या आधी, फोटोवाल्याला घेऊन, पुठ्ठ्याचा भलामोठा चेक धरून हसायला. ते समजण्यासारखं आहे. त्यांना नाव हवं, संस्थेला पैसा हवा, फिट्टंफाट. पण इंग्लंडातलं अख्खं लँकेशायर ज्याला तोंडावरून ओळखतं, असा माणूस गुपचूप जुन्या चॅपलच्या हॉलमध्ये येतो आणि कमी ऐकू येणाऱ्या पोरांना गोष्टी वाचून दाखवतो, ते कशापायी? या देशानं असले लाडके चेहरे पाहिले होते. ते मेल्यावर त्यांनी पोरांशी केलेलं काय काय बाहेर पडलं, तेही पाहिलं होतं.

"कॉलेजात तुला संशय घ्यायचाच शिकवला का गं?" तिची आई मॉरीन म्हणायची. मॉरीन 'हॅलोज रो' ही मालिका पहिल्या भागापासून बघत आली होती. तीत क्लाइव्ह वर्षानुवर्षं मिक बार्लो झाला होता. विधवा बायकांना नादी लावून त्यांची घरं गिळणारा मिक. बाजारात मटण भरलेले 'पाय' विकणारी पायवाली अजूनही त्याला म्हणायची, "आधी पैसे ठेव, मिक, मग पायला हात लाव." आणि तो निमूट ठेवायचा.

"तुला तो मिकच वाटतो," मॉरीन म्हणाली.

"मिक परवडला, आई. तो निदान उघड चोर होता."

खरी काळजी जोनाची होती. तिचा पोरगा चार वर्षांचा, कमी ऐकू येणारा. सप्टेंबरात शाळा सुरू होणार, आणि कानाची मशीनं घालायची म्हटलं की घर डोक्यावर घ्यायचा. एकदा त्यानं ती दलियात बुडवली होती, एकदा कालव्यात भिरकावली होती. बेथनचा हात कानाकडे गेला की किंकाळी. मशीन नाही तर शब्द नाहीत, आणि ही शब्द शिकण्याची वर्षं परत येत नाहीत, हे तिला डॉक्टरांनी इतक्या गोड आवाजात सांगितलं होतं की तिला झोप लागेनाशी झाली.

क्लाइव्हपाशी मात्र जोना मशीनं घालून शहाण्यासारखा बसायचा. इतर आयांना कौतुक वाटलं. बेथनला नाही. घरी तिनं खुणांनी विचारलं, तो तिथं काय करतो? जोनानं गंभीरपणे स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

पुढच्या मंगळवारी ती घरी गेलीच नाही, आतल्या बोळात खुंट्यांवरच्या कोटांमागे उभी राहिली. क्लाइव्ह पोरांना घेऊन गोष्टींच्या खोलीत शिरला. मान वळवून त्यानं बोळात एकवार पाहिलं आणि दार लावून घेतलं.

दार उघडं ठेवायचं, हा तिथला पहिला नियम. पोरांना हात लावायचा नाही, हा दुसरा. बेथननं जाऊन सरळ दार ढकललं. आत पोरं गालिच्यावर, क्लाइव्ह खुर्चीत, मध्ये हातभर अंतर. जोनाला उचलून ती तडक व्यवस्थापिका पॅमकडे गेली.

पॅमचा चेहरा पडला. "तू सांगितलंस ते बरं केलंस," ती म्हणाली. "पण आता मला त्याला थांबवावं लागेल. चौकशी होईपर्यंत."

पुढचे मंगळवार जोना खोलीच्या दाराशी बसून राहिला. मशीनं कोटाच्या खिशात. त्यानं पुस्तकाला हात लावला नाही. बेथन स्वतःला बजावत राहिली, आपण बरोबर केलं. आणि ते बरोबरच होतं.

चौकशीत वावगं काही निघालं नाही, तेव्हा पॅमनं तिला बोलावलं. स्वयंपाकघरात चहाची किटली होती, आणि टेबलाशी क्लाइव्ह. बेथनला बघून त्यानं टोपी काढली. विरळ पांढऱ्या केसांत, दोन्ही कानांमागे, कातडीच्या रंगाची मशीनं.

"बोळात पोरं पळतात, इथं भांडी आदळतात," तो म्हणाला. "या यंत्राला भांडं आणि माणूस सारखंच. सगळं एकदम कानात ओततं. दार लावलं की माझा आवाज तेवढा उरतो. जोनाला ते कळलं, म्हणून तो टिकतो."

"आणि ओठांवर बोट?"

"इथं बघ, एवढंच. ओठ वाच. मी जन्मभर तेच करत आलोय, पोरी. समोरच्या नटाचं वाक्य कुठं संपतं ते मला ऐकू येत नाही, दिसतं. लोक म्हणायचे, मिकची नजर काय जहरी, बाईला नुसती गिळते. त्या नजरेला बक्षीससुद्धा मिळालं. मी बिचारा तिचं वाक्य संपायची वाट बघायचो."

पॅम हसली. बेथन हसली नाही. तिला प्रसंग फारच छान जमलेला वाटला. टोपी नेमकी कधी काढायची, हे या माणसाला शिकवावं लागत नाही.

"हे आधीच का नाही सांगितलंत?"

"बहिऱ्या नटाला काम कोण देईल? आणि पॅमला सांगितलं असतं तर चॅपलच्या पाद्रीबाईंना कळलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत पायवालीला."

"मी बसलेय इथं," पॅम म्हणाली.

"माहीत आहे. दिसतेयस."

मग तो बेथनकडे वळला. "तू केलंस ते योग्यच. माझं पोर असतं तर मीही तेच केलं असतं. नको म्हणालीस तर मी येत नाही."

बेथन त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. चांगला चेहरा होता. त्यावर विश्वास ठेवावा असाच होता, आणि तोच तर त्याचा धंदा. नको म्हणणं सोपं होतं. मग जोना त्या दाराशी सप्टेंबरपर्यंत बसला असता.

"दार लावा," ती म्हणाली. "पण मी आत बसणार. दर मंगळवारी."

"बस की."

पुढच्या मंगळवारी ती दारालाच पाठ लावून बसली, जिथून त्याचे दोन्ही हात दिसतील अशी. क्लाइव्हनं एका अस्वलाची गोष्ट काढली. जोनानं खिशातून मशीनं काढून आपणहून कानांत घातली, पण एक नीट बसेना, सारखं निसटायला लागलं. त्यानं ते काढून क्लाइव्हसमोर धरलं.

क्लाइव्हनं दोन्ही हात पाठीमागे नेले. "मला मनाई आहे, राजा. आईकडे दे."

जोनानं त्याचे ओठ वाचले. मग तो आईकडे बघत बराच वेळ उभा राहिला. बेथननं हात पुढे केला नाही. तो आला, मशीन तिच्या तळव्यावर ठेवलं आणि मान एका बाजूला कलती केली.

तिनं ते त्याच्या कानात हळूच बसवलं. तो किंचाळला नाही. बोटांना सगळं पाठ होतं, त्यामुळे खाली बघावं लागलं नाही. तिची नजर तेवढा वेळही क्लाइव्हवरच होती.