बिनआगीचा हंडा आणि शशिकांतची दुसरी खेप

अरे, त्या गुरुवारी उल्हासनगरच्या बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती! मधोमध पाट, पाटावर तांब्याचा हंडा, हंड्यात दूध आणि खाली काही म्हणजे काही नाही. ना शेगडी, ना स्टो! शेजारी भगव्या कफनीतला एक बाबा. कुठल्या गावचा, कोणालाच ठाऊक नाही, पण आवाज असा की गिरणीचा भोंगा लाजेल.

"न लकडी, न कोयला, न घासलेट की लाइन! माताजी, भाव आपका, ताव हमारा!"

असं म्हणून त्याने हंड्याच्या बुडाशी असलेल्या चोचीत तीर्थ ओतलं. आत फुस्स झालं, वाफ आली आणि बघता बघता दूध उतू गेलं! बायकांनी हात जोडले. एका बाप्याने तर हंड्यालाच दंडवत घातला.

आणि सगळ्यांत पुढे कोण? आपला शशिकांत! अंबरनाथला कारखान्यात तपासणी खात्यात होता तो. आठवडाभर नटबोल्ट मापायचे आणि रविवारी वसाहतीतल्या बायकांसाठी घरगुती वस्तू तपासायच्या. स्टो घ्यायचाय, इस्त्री घ्यायचीय? आधी दुकानदाराकडून मागून आणा, शशिकांतकडे द्या. तो ती दोनदा चालवणार, घड्याळ लावून पाणी उकळणार, मग पायरीवर उभा राहून निकाल देणार, "घ्या!" नाहीतर "घेऊ नका!" वसाहत त्याच्या शब्दावर चालायची आणि तो जमिनीपासून चार बोटं वरून.

"बाजूला व्हा, मी तपासतो!"

"अवश्य, इंजीनियर साहब!" बाबा म्हणाला. झालं, साहेबांची छाती फुगली. पाट उचलून पाहिला, तार शोधली, घासलेटचा वास घेतला. काही नाही! "आता दुसऱ्यांदा करून दाखवा."

"भगवान का इम्तिहान दो बार?" बाबाने कानाला हात लावले. गर्दी "छी, छी" करायला लागली. आणि आपल्या शशिकांतने काय करावं? चपला काढून चक्क नमस्कार केला! कारण घरी आई, कुमुदिनीबाई, शेगडीच्या धुराने खोकून खोकून अर्धी झालेली. धूर नसलेली चूल म्हटल्यावर त्याची अक्कल तिथेच विरघळली.

बाबाने लाल फडक्यातला दुसरा हंडा पुढे केला. "यह ले जाओ."

"नाही, जो तपासला तोच पाहिजे! आमचा नियम आहे."

बाबाचा चेहरा पडला. पण गडी बिलंदर! हंडा दिला, सोबत तीर्थाची बाटली दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "घर में खोट हो, तो ठंडा रहता है।"

रविवारी सगळी वसाहत शशिकांतच्या ओट्यावर. कुमुदिनीबाईंनी दूध घातलं, तीर्थ ओतलं. वाट बघतायत, बघतायत. हंडा माठासारखा गार!

शेजारच्या गोदूमावशींनी तोंडातलं पान गालात सारलं. "बाबा सांगून गेलाय, खोट असलेल्या घरात तापत नाही. कुमुदिनी, अंघोळ करून शिवलीस ना गं?"

"पहाटेच केली हो."

"मग दुसरं काही असेल."

सगळे कुमुदिनीबाईंकडे बघायला लागले. आणि शशिकांत? अरे, तोसुद्धा! क्षणभरच, पण बघितलंच. बाईंनी ते टिपलं. पदर सावरून त्या भिंतीला टेकल्या.

तेव्हा कुठे याला लाज वाटली. पक्कड आणली, दूध काढून घेतलं आणि हंड्याचं बूड उचकटलं. आत दुसरं बूड! दोन्हींच्या मधून पांढरा लगदा भद्दकन् खाली पडला.

"भस्म!" कोणीतरी ओरडलं. गोदूमावशींनी भक्तिभावाने कपाळाला लावलं, कणभर जिभेवर ठेवलं आणि थू करून म्हणाल्या, "अगं बाई, हा तर चुना! रोज पानाला लावते, मी चुकेन होय?"

"चुना!" शशिकांतने कपाळ बडवलं. "दिवाळीला भिंतींसाठी कळीचा चुना भिजवतो तेव्हा पिंप कसं खदखदतं, सगळ्यांनी बघितलंय की! कोरडा चुना, त्यावर पाणी, झालं तीर्थ! या हंड्यातला चुना बाजारातच भिजून संपला होता. दुसऱ्यात ताजा भरलेला होता आणि तोच मी घेतला नाही!"

लगेच कळीचा चुना आणला, हंडा धुऊन पुसून दोन्ही बुडांच्या मध्ये भरला, बूड ठोकून बसवलं आणि वर दूध घातलं. "तोंडं लांब ठेवा, डोळ्यांत उडेल. आई, तू ओत. साधं नळाचं पाणी."

"मी? माझ्यात खोट आहे ना?"

"ओत गं."

बाईंनी ओतलं. फुस्स! दूध उतू गेलं. चुना बदलून पुन्हा केलं. या वेळी पारोशा गोदूमावशींनी ओतलं. तरी उतू गेलं! चुन्याला ना सोवळं कळतं, ना ओवळं.

मग शशिकांत पायरीवर चढला. "हंडा, घेऊ नका! शशिकांत, तोही नापास. विकणारा 'एकदाच बघा' म्हणाला की तिथेच दुसऱ्यांदा बघा. बाबा असो, बंबा असो. आणि वस्तू चालली नाही तर आधी वस्तू उघडा, माणसात खोट मागाहून शोधा."

"आणि आईत?" आतून कुमुदिनीबाईंचा आवाज आला.

शशिकांत पायरीवरून उतरला, आत गेला आणि धुरात डोळे चोळत शेगडी पेटवायला बसला.