उजेडातली खुर्ची

रफूच्या कामात माझ्या सासूबाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. कोट कुठे फाटला होता ते खुद्द कोटवाल्यालाही सापडायचं नाही. मला हे काम त्यांनीच शिकवलं, म्हणजे माझा जीव नकोसा करून शिकवलं. गिऱ्हाईक समोर उभं असताना त्या माझ्या टाक्यांवरून बोट फिरवायच्या आणि एकच शब्द बोलायच्या, "उसव." काम चांगलं झालं असलं तरी उसव. दुकानात खिडकीपाशी, उजेडाची एकच खुर्ची होती. ती त्यांची. मी आतल्या बाजूला, बल्बखाली.

मग त्यांना मोतीबिंदू झाला. ऑपरेशनचं नाव काढलं की अंगावर यायच्या. "मला बोटांनी दिसतं," म्हणायच्या. डोंबलाचं दिसतंय. काळ्या कोटाला निळा धागा, टाके एकमेकांवर चढलेले. गिऱ्हाइकं तुटायला लागली तेव्हा नवरा मला म्हणाला, "आईला काही बोलू नकोस. तू गुपचूप नीट करून ठेव."

म्हणून संध्याकाळी त्या घरात गेल्या की मी त्यांचं काम उसवायचे आणि पुन्हा करायचे. सकाळी त्या त्याच जागेवरून बोट फिरवायच्या आणि म्हणायच्या, "बघ, याला काम म्हणतात." मग माझ्या कपड्याकडे वळायच्या. "उसव."

शेवटी उंबऱ्याला अडखळून पडल्या, तेव्हा नवऱ्याने त्यांना डॉक्टरकडे नेलंच. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी एका राखाडी कोटाची बाही रफू केली होती. ती मी उसवली नाही. मुद्दाम. कोट घडी घालून त्यांच्या खुर्चीवर ठेवून दिला.

डोळे बरे झाले, चष्मा आला. सासूबाई दुकानात आल्या, खुर्चीवरचा कोट उचलून उजेडात धरला.

"हे गबाळं काम कुणाचं? तुझंच असणार."

"बाही उलटी करून बघा, आई."

त्यांनी उलटी केली. सासूबाई डावखुऱ्या. त्यांचा धागा डावीकडून शिरतो, माझा उजवीकडून. त्यांनी त्या टाक्यांवरून बोट फिरवलं.

"आणि आधीची कामं?"

"तुमची सगळी उसवून मीच केली."

त्यांचं तोंड एवढंसं झालं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. त्या आत बल्बखाली जाऊन बसल्या. खुर्चीत मी बसले.

तोच कोट त्यांनी पुन्हा हातात घेतला. जुने टाके काढले, आतल्या शिवणीतून त्याच रंगाचे धागे ओढून घेतले आणि दिवसभर मान वर केली नाही. संध्याकाळी कोट माझ्यापुढे आणून ठेवला. गिऱ्हाईक न्यायला आलंच होतं.

मी बाही उजेडात धरली. फाटलेली जागा मला सापडेना. काम पहिल्यासारखंच होतं, माझ्याहून कितीतरी सरस. असं काम रोज व्हायला लागलं तर ही खुर्ची कुणाची, ते मला कुणी सांगायला नको होतं.

मी बाहीवरून बोट फिरवलं. काहीच लागलं नाही.

"उसवा," मी म्हणाले.

सासूबाईंनी आधी बाहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नव्या चष्म्यातून, नीट. त्यांना आता सगळं स्वच्छ दिसत होतं. त्यांनी कात्री उचलली.