घोडा, टक्कल आणि मी

मित्रांनो, मी एक जुना बल्ब आहे. उंची अंगठ्याएवढी, तोंड एकाच दिशेला आणि मान नाहीच. माझा प्रकाश सरळ जातो आणि ताटाएवढ्या जागेवर पडतो. बाकीच्या खोलीचे मी काही देणे लागत नाही. त्यावरून नऊ वर्षे बोलणी खाल्ली, पण माफी मागितलेली नाही.

कारखान्यात माझा जन्म चार सेकंदांत झाला. बालपणाच्या आठवणी विचाराल तर तेवढ्याच.

मला निवडले आत्याने; घरात सगळे तिला आत्याच म्हणत. ती सुतार होती. जन्मभर लोकांची दारे-खिडक्या केल्या आणि काम सोडल्यावर स्वतःसाठी पहिल्यांदा काही घडवले, तो एक लाकडी घोडा. तो कोपऱ्यातल्या फळीवर उभा असे आणि घरचे त्याच्यावर छत्र्या अडकवत.

दुकानदाराने विचारले, किती वॅटचा देऊ? आत्याने पिशवीतून घोडाच काढून काउंटरवर ठेवला. लाकूड समोर नसेल तर ती पटाशीसुद्धा निवडत नसे. पांढऱ्या बल्बखाली घोडा आजारी दिसला. रुंद झोताच्या बल्बने घोड्यासोबत दुकानदाराचे कानही उजळले. मग माझी पाळी आली. माझा झोत अरुंद, रंग किंचित पिवळसर. घोड्याच्या मानेवरची पटाशीची एकेक खूण वर आली. दुकानदाराने वॅटचे नाव पुन्हा काढले नाही.

घोळ घातला वायरमनने. कोपऱ्यात भोके पाडताना धूळ बसू नये म्हणून आत्याने घोडा दादांच्या, म्हणजे तिच्या थोरल्या भावाच्या, खुर्चीवर ठेवला होता. वायरमनने घोडा दिसला तिकडे माझे तोंड वळवले, स्क्रू आवळला आणि निघून गेला. घोडा कोपऱ्यात परतला. खुर्चीत दादा परतले. मी थेट त्यांच्या टकलावर.

आदल्या दिवसापर्यंत दादा मला 'काजवा' म्हणत होते. आता ते नुसते खोकले तरी पाहुणे सावरून बसू लागले. शेजाऱ्यांनी त्यांना गुडघेदुखीवर सल्ला विचारला. दादांनी दिला. दादांना गुडघ्यातले काही कळत नाही.

बल्ब घोड्याकडे वळवू या, असे आत्या म्हणाली तेव्हा दादा म्हणाले, जमलंय ते जमलंय, कशाला हलवायचं? वर हेही म्हणाले की रविवारी घोडा माळ्यावर टाकू, छत्र्यांसाठी मी खुंटी आणतो.

रविवारी दादा खुंटी घेऊन आले. खोलीचे पडदे ओढलेले, मी चालू, आणि त्यांच्या खुर्चीवर आत्याने ठेवलेला घोडा. त्यांनी तो उचलायला हात घातला आणि हात तसाच राहिला. एका घरात राहून त्यांनी घोडा कधी पाहिलाच नव्हता. छत्र्या तेवढ्या पाहिल्या होत्या.

"याचा मागचा पाय असा का गं?"

"उठतोय तो."

"पडला होता?"

"बरीच वर्षं."

दादा स्टूल ओढून अंधारात बसले. संध्याकाळी त्यांनी दारामागे खुंटी ठोकली आणि छत्र्या तिकडे नेल्या. खुर्ची घोड्याचीच झाली. गुडघ्यांबद्दल पुन्हा कोणी विचारले नाही.

मित्रांनो, विनंती एकच. आम्हाला पुसायचे तर आधी बटण बंद करा आणि फडके कोरडे घ्या. "एवढासा, खोली तरी उजळतो का?" असे म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा. मी रुंद होणार नाही.