राख बघितलीस का?

मी एक जुनी लोखंडी झडप आहे. मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिले नसेल. शेकोटीपुढे बसणारे सगळे जाळाकडे बघतात. मी जाळाच्या वर, धुराड्याच्या गळ्यात आडवी असते. मी उघडले की धूर वर जातो, मिटले की घरातली ऊब घरात राहते. काम एवढेच. पण एवढ्याशा कामात अख्खे घर झोपेतच संपू शकते, आणि मला तर ओरडताही येत नाही.

मला इथे बसवले ऑरेल थिबोडोने. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तर टोकाला, नदीकाठी त्याचे बटाट्याचे शेत होते. ऑरेलची शेकोटी लहान, पण काय तापायची! जाळ मागे सारलेला, त्याच्या पाठीशी बिडाचा जाड पत्रा, आणि वर्षभर वाळवलेले मेपलचे लाकूड. बटाटे निघाले की पहिल्या बर्फाआधी तो सुईसारख्या पानांच्या स्प्रूसचे कोवळे झाड तोडी, त्याला दोर बांधी आणि छपरावरून धुराड्यात खालीवर ओढी. साठलेली काजळी झडून जाई. मला गुदगुल्या होत, आणि बरेही वाटे.

त्याचा एक नियम होता. झडप मिटण्याआधी तो सळईने राख तळापासून उलथी, वर तळहात धरी. जराही धग लागली की मला उघडीच ठेवी. मिटलीच, तर माझ्या मुठीला लाल लोकरी हातमोजा अडकवी, म्हणजे पुढे जाळ पेटवणाऱ्याला कळावे.

ऑरेल गेला. घर त्याच्या मुलीकडे, ओदीलकडे आले. त्या हिवाळ्यात तिची मुलगी ल्युसी जेमतेम काही महिन्यांची होती, आणि तान्ह्या पोरीला थंडी लागू नये म्हणून नवरा रेनो नुसता धडपडत होता. माणूस प्रेमळ, पण धीर म्हणून नाही. त्याने त्याच वर्षी तोडलेले ओले बर्च जाळायला घेतले. ते धुमसे, ऊब देईना. मग त्याने जाळ चालू असतानाच मला अर्धवट मिटायला सुरुवात केली.

"अर्धी ऊब वर कावळ्यांना वाटतोय आपण!" तो म्हणे.

"बाबा झडप अशी मिटत नसत," ओदील म्हणाली.

"तुझे बाबा कावळ्यांचे सोयरे होते."

ती हसली. पण घरात रोज कुणाचे ना कुणाचे डोके दुखू लागले. सगळ्यांनी ते सर्दीवर ढकलले. घरातली मांजर मात्र शेकोटीजवळ बसेना. बर्फ पडत असतानाही दारावर नखे ओरबाडी.

एका दुपारी रेनोने वैतागून मांजरीला बाहेर काढले. मग शेकोटीकडे पाहिले. वर राखाडी राख, जाळ नाही. त्याने माझी मूठ ओढली.

राखेखाली निखारे जिवंत होते, मित्रांनो. अशा निखाऱ्यांतून जो विषारी वायू निघतो त्याला रंग नसतो, वास नसतो. त्याला वर जायची वाट मीच होते, आणि मी बंद होते. ओदीलची मान खुर्चीत कलली. ल्युसी तिच्या मांडीवर निपचित पडली. रेनो उठायला गेला आणि सतरंजीवर कोसळला. मला भयंकर भीती वाटली. पण माणूस ठेवील तिथेच लोखंड राहते.

मांजर शेजारच्या झेलियामावशीच्या दारात जाऊन रडत होती. तिला काखेत घेऊन मावशी आली आणि उंबऱ्यातच ओरडली, "अगं ओदील! ऊठ! ऊठ म्हणते ना!" तिने दारे-खिडक्या धडाधड उघडल्या, पोरीला उचलून बाहेर बर्फात नेले. ल्युसी कितीतरी वेळ रडलीच नाही. मग रडली. त्याहून गोड आवाज मी ऐकलेला नाही.

सगळे सावरल्यावर मावशीने सळईने राख उलथली. खाली लालभडक निखारे होते.

"हे बघ, रेनो! ऑरेल काय वेडा म्हणून राख उलथत बसायचा?"

रेनो ल्युसीला छातीशी धरून ढसाढसा रडला. त्याने लाल हातमोजा शोधून खुंटीला टांगला आणि राख उलथल्याशिवाय झडप मिटणार नाही अशी शपथ घेतली.

आता ल्युसी बोबडे बोलते. हातमोजा कसरीने खाल्ला. स्प्रूसचे झाड एकदाच आले, मग राहून गेले. लाकूड पुन्हा ओले आहे.

आज दुपारपासून बर्फ पडतो आहे. ल्युसी शेकोटीपुढे सतरंजीवर झोपली आहे. स्वयंपाकघरातून कुट्टूच्या पिठाच्या धिरड्यांचा वास येतो, आणि ओदीलचा आवाज.

"रेनो, राख बघितलीस का?"

"बघितली गं! किती वेळा विचारशील?"

मित्रांनो, त्याने बघितलेली नाही. मी वरून पाहते आहे. मला आवाज नाही, तुम्हाला आहे. तुमच्या घरी शेगडी असो, शेकोटी असो, "बघितली" एवढ्यावर गप्प बसू नका. मोठ्यांचा हात धरा, त्यांना पुन्हा राख उलथायला लावा.

त्याचा हात माझ्या मुठीवर आला आहे.