थिनर भरलेली सरबताची बाटली

मी एक जुनी सरबताची बाटली आहे. निदान माझ्या पोटावरचं लिंबाचं चित्र तरी तसंच सांगतं. मित्रांनो, माझा एकच उन्हाळा सुखाचा गेला. मला बघून पोरं टाळ्या वाजवत. सरबत संपलं, टाळ्याही संपल्या.

या घरच्या सूनबाई बाटली टाकत नाहीत. दारं रंगवून रंगारी निघाला, तेव्हा त्याच्या गळक्या डब्यातला उरलेला थिनर त्यांनी माझ्यात ओतून घेतला.

"ताई, वर नाव तरी लिहा," रंगारी म्हणाला.

"कशाला? वासावरून कळेलच की. नाकं आहेत सगळ्यांना!"

त्या दिवसापासून मी ओट्याखाली. फरशीवरचा डाग पुसायचा असला की मला बाहेर काढत, आणि मी आले की माणसं नाक मुरडत. फक्त आजोबा मुरडत नसत. मला वाटे, घरात एवढा एकच सभ्य माणूस आहे.

एका दुपारी डाग पुसून झाल्यावर सूनबाई मला जेवणाच्या टेबलावरच विसरल्या आणि कपडे वाळत घालायला गच्चीत गेल्या. आजोबा आले. लिंबू पाहून खूश झाले. त्यांनी माझ्यातलं पेल्यात ओतलं, वर पाणी घातलं. माझ्यातला थिनर पाण्यात मिसळला नाही, वरच तरंगत राहिला. याहून मोठ्यानं मला ओरडता येत नव्हतं. आजोबांचा चष्मा कपाळावर होता.

पेला ओठांपर्यंत पोचला, तोच दारातून आवाज आला, "बाबा, थांबा! थिनर आहे तो!"

सूनबाईंनी पेला हिसकावला. "वास नाही आला तुम्हाला?"

"तापानंतर मला कसलाच वास येत नाही गं."

"मग रोज स्वयंपाकाला 'काय घमघमाट सुटलाय' म्हणता, ते?"

आजोबा ओशाळले. "तेवढं म्हटलं की तू पाच मिनिटं बसतेस माझ्यापाशी."

सूनबाई खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसल्या. ओले कपडे तसेच राहिले.

आता माझ्यावरचं लिंबू खरवडून तिथं ठळक अक्षरात 'थिनर, विषारी' असं लिहिलंय. मी उंच कपाटात, कुलपात असते. करमत नाही, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, थिनर असो की टर्पेंटाइन, त्याला त्याच्याच डब्यात राहू द्या. खाण्यापिण्याच्या भांड्यात ओतू नका. आणि माझी दया आली, तरी मला खाली काढू नका. सोबत द्यायचीच असेल, तर आजोबांना द्या.