मेल्या मासोळीचं पान

सुरुंग फुटला तेव्हा गोजराबाई डोहात कमरेइतक्या पाण्यात उभी होती.

आधी अडाण नदी पोटातून घुमली. मग पलीकडच्या टोकाला पाणी खांबासारखं उभं राहिलं, आणि कोणी कानात खिळा ठोकावा तसं झालं. हातातलं जाळं सुटलं. करंजाच्या झाडावरचे बगळे ओरडत उठले. काठाचं मूळ धरून ती सावरली, तोवर डोह पांढरा झाला होता. जिकडं पाहावं तिकडं मासोळ्यांची पोटं.

त्या टोकाला एक मरळ पिलं राखत होती. मरळीची पिलं तांबडी, तिळाएवढी. त्यांचा घोळका पाण्यावर फिरतो तेव्हा कुंकवाचा करंडा सांडल्यासारखा वाटतो, आणि त्या कुंकवाखाली आई असते, काळी, जागी. तिची पिलं मोठी होईस्तोवर गोजराबाई तिकडं जाळं टाकणार नव्हती. आता कुंकू विस्कटलं होतं. आई आडवी तरंगत होती आणि तिचा एक डोळा बाहेर आला होता.

काठावरून जगदेव टोपली घेऊन उतरला. जगदेव तिचा धाकटा दीर. सासू गेली तेव्हा हा एवढासा होता; गोजराबाईनं त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं. पुढं नवरा तापानं गेला, पण या पोराला तिनं कधी उपाशी निजू दिलं नाही. आता तो जऊळक्याच्या खदानीत दगड फोडून आला होता, आणि येताना सुरुंगाची दारू लपवून घेऊन आला होता.

"वहिनी, तू पान्यात हायेस हे मले काय ठाऊक?" तो म्हणाला, आणि नुसत्या भोवंडलेल्या, अजून कल्ले हलवणाऱ्या मासोळ्या वेचू लागला. मेलेल्यांकडं त्यानं पाहिलंही नाही.

तिनं त्याच्या तोंडात दिली. हात ओला होता. आवाज पाण्यावरून लांब गेला. त्याचा ओठ फुटला. रक्त पुसून तो हसला.

"झालं समाधान? तू जाळ्यानं धरतं, मी दारूनं धरतो. धरनं त धरनंच हाये."

"हे धरनं नव्हं, जगदेव. हे जितं दिसते. जितं राह्यलं नाही."

"गिऱ्हाइकाले जितं दिसलं म्हंजे झालं. घरी गेल्यावर मंग मरो नाहीत नाचो."

मंगरूळपीरच्या बाजारात, चिंचेखाली, गोजराबाईचं दुकान होतं. निम्मे जमिनीत पुरलेले रांजण, वर ओलं गोणपाट. बाकीचे भोई खायची मासळी विकत. ती विहिरीत सोडायच्या जित्या मासोळ्या विकायची. हिवतापाच्या साथीपासून मळेवाले विहिरींत मासोळ्या सोडू लागले होते. मासोळी डासांच्या अळ्या खाते, पाणी निवळ राहतं. घेणाऱ्यानं आपल्या विहिरीचं पाणी सोबत आणायचं, ही तिची अट. ते ती मडक्यातल्या पाण्यात ओंजळीनं मिसळायची, थांबायची, मासोळी कशी वागते ते पाहायची, मग पुन्हा एक ओंजळ. घाई असलेला माणूस वैतागायचा.

"गोजराबाई, मासोई देतं का सोयरीक जुळवतं?"

"सोयरीकच हाये. लेक नांदाले चालली तुमच्या घरी. सासरचं पानी आधी पाजा लागते तिले."

"मंग हुंडा काय देतं?"

"तुमचे डास खाईन ते का कमी हाये? आनखी काय, जावयाचे पाय धुऊ?"

आणि दुकानाच्या तोंडाशी, गिऱ्हाइकाचं पहिलं पाऊल पडावं तिथं, पळसाचं पान मांडलेलं असायचं. रात्रीतून रांजणात जी मासोळी मेली ती सकाळी त्या पानावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. कधी दोनचार, कधी रिकामंच पान. ही सासूची रीत. म्हातारी जात्यावर बसली की म्हणायची:

माझ्या रांजनात बाई, सावलीचं गार पानी
मेली त मांडीन, पानावर रानीवानी

पुढं गोजराबाईही तेच म्हणायची, आणि तिच्या मांडीवर निजलेला जगदेव हे ऐकत वाढला होता. नवं गिऱ्हाईक पानापाशी नाक मुरडायचं. जुनं गिऱ्हाईक पान पाहूनच आत यायचं. घरात काय मेलं ते ही बाई लपवत नाही, तर रांजणातलं जितं खरंच जितं असणार, असा त्याचा हिशोब.

जगदेवनं तिच्यासमोरच दुकान मांडलं. अकोल्याहून काचेच्या बरण्या आणल्या, दारूनं धरलेल्या मासोळ्या रोज नव्यानं त्यांत भरल्या आणि उन्हात ओळीनं ठेवल्या. काचेतून बोटाएवढी मासोळी वीतभर दिसे, खवल्यांवर ऊन नाचे. बाजार तिकडं लोटला. त्याच्यापुढं पान नव्हतं. एखादी उलटी झाली की धोतराच्या सोग्यात घेऊन तो मागच्या नाल्यात टाकून यायचा आणि ओरडायचा, "या, पाहा! आपल्या दुकानात मरत नाही कोनी!"

गोजराबाई इकडून पाहायची. त्या मासोळ्या एका कुशीवर कललेल्या. तापल्या पाण्यात कल्ले लोहाराच्या भात्यासारखे चाललेले. दिवस मावळेपर्यंतच्या पाहुण्या. आपण उठावं, लोकांना सांगावं, असं तिच्या जिभेवर यायचं. मग त्याचा फुटलेला ओठ दिसायचा, आणि ती गोणपाटावर पाणी शिंपडत बसायची.

रंगराव माळ्यानं त्या बरण्यांतल्या मासोळ्या घागरभर नेल्या. गावाच्या शिवेवर त्याचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता, मळ्यात पिण्याची विहीर. मासोळ्या विहिरीच्या तळाशी जाऊन मेल्या, कपारीत अडकून सडल्या. पाण्याला वास यायच्या आधी घरानं ते पाणी प्यायलं. घर सावरलं, पण त्याची लेक गिरजा सावरली नाही. परकराच्या वयाची पोर हगवणीनं सुकत गेली, शेवटी पाणी पाणी करत गेली, आणि प्यायला तेच पाणी होतं.

तिला जाळून दुसऱ्या दिवशी रंगराव बाजारात आला. संगं मळ्यातले गडी, हातात काठ्या. आल्याआल्या त्यानं पहिली बरणी फोडली.

काच उडाली. दुसरी बरणी, तिसरी. मासोळ्या धुळीत तडफडू लागल्या. रंगरावनं जगदेवचा गळा धरून त्याला जमिनीवर आपटलं.

"माही पोर," तो म्हणाला. एवढंच.

जगदेवचे डोळे पांढरे झाले. त्यानं हात उचलला आणि समोर बोट दाखवलं.

"माह्या दुकानात मेलेलं पाह्यलं का कोनी कधी? तिकडं पाहा, दादा. वहिनीचं पान पाहा. माल तिचा होता, मी नुसता इकला."

उन्हाळी उबेनं रात्रीतून रांजणांतल्या बऱ्याच गेल्या होत्या. पान भरलेलं होतं.

पन्नास डोळे त्या पानावर खिळले. इतकी वर्षं जे पान पाहून लोक आत येत होते तेच पान पाहून आज काठ्या आत आल्या. रांजणांची तोंडं फुटली. पाणी उसळलं, चिखल झाला, आणि त्या चिखलात जित्या मासोळ्या माणसांच्या पायांखाली चेंगरू लागल्या. गोजराबाई काठ्यांसमोर आडवी आली. एक काठी खांद्यावर बसली, दुसरी मनगटावर, आणि मनगटाचं हाड मोडल्याचं तिला ऐकू आलं. रंगरावनं केसांना धरून तिला पानापाशी ओढलं, मेलेली मासोळी उचलून तिच्या तोंडात कोंबली.

"खाय. माह्या लेकीनं पेलं, तू खाय."

खवल्यांनी टाळू सोलली. तिनं त्या गर्दीतून जगदेवकडं पाहिलं. तो खाली पाहत होता.

तिनं मासोळी थुंकली. "मारा, रंगरावभाऊ. तुमची लेक गेली, मारा. पन आधी माहा इळा द्या."

कोणी तरी विळा फेकला. मोडका हात छातीशी धरून तिनं आपल्या पानावरची मासोळी पायाखाली दाबली आणि उभी चिरली. आत मांस पांढरं, मासोळीला तरंगवणारी वाऱ्याची पिशवी अख्खी, मोत्यासारखी. मग ती सरपटत फुटक्या काचांत गेली. तिथली एक अजून तोंड वासत होती. तिलाही चिरली. पाठीच्या काट्याशी काळं रक्त साकळलेलं, पिशवीच्या चिंध्या.

"ही माही. अन् ही त्याची. ही बीमारीनं मेली नाही, भाऊ. हिले डोहात सुरुंगानं फोडलं. इकली तईच मेली होती."

मागून कोणी म्हणालं, "नदीत आवाज झालता खरा. मी म्हनलं, इहीर फोडून राह्यले कोठं."

तिला वाटलं होतं, त्याच्या बरण्या फोडतील. फार तर मारून गावाबाहेर काढतील. ती जे बोलली ते एवढ्यासाठीच बोलली, असं पुढं ती फौजदारासमोरही सांगणार होती.

जगदेव पळाला. आपल्याच काचांवरून अनवाणी पळाला, आणि दुसऱ्याच पावलाला पडला. काठ्या त्याच्यावर खळ्यात तूर बडवावी तशा पडू लागल्या. पहिल्यांदा तो शिव्या देत होता. मग म्हणाला, "आता नाही करत." मग नुसतं, "वहिनी. वहिनी ओ." लहानपणी तापात हाक मारायचा तशी. ती धावली. एका गड्यानं तिला कमरेला धरून ठेवलं. तिनं त्याच्या हाताला चावा घेतला, दात रुतेपर्यंत. तरी त्यानं सोडलं नाही. ती सुटली तेव्हा हाक थांबली होती.

काठ्या टाकून गडी पांगले. दुकानांवर कनाती पडू लागल्या. रंगराव तेवढा जागचा हलला नाही.

बाजाराचा ठेकेदार रामधन वाकून तिच्या कानाशी आला. गोड माणूस, तोंडात पान.

"झालं ते झालं, बाई. तो सुरुंगवालाच होता. डोहावर नेऊन ठेवू. सुरुंगात गेला म्हनू, कोन नाही म्हनते? तुही चिंचेखालची जागा कायमची तुही. रांजन नवे घेऊन देतो."

ती जगदेवच्या तळपायांतल्या काचा काढत होती. एका हातानं, एकेक.

"आयकून राह्यली का?"

"आयकलं."

"मंग गडी बोलावू?"

"गडी कायले? मले पळसाचे पानं पाह्यजे. मोठे. लई."

रामधनला कळलं नाही. शेजारच्या भाजी विकणाऱ्या बाईला कळलं. तिनं आपल्या टोपल्याखालची पानं काढली आणि आणून दिली. गोजराबाईनं ती दुकानाच्या तोंडाशी पसरली, एकावर एक, माणसाच्या लांबीची. दोघींनी मिळून जगदेवला त्यावर आणलं. एक रांजण चिरला होता पण गळून रिकामा झाला नव्हता; त्यातलं सावलीचं पाणी घेऊन तिनं त्याचं तोंड धुतलं. ओठावर जुनी खपली होती, तिच्या हाताची. तिथं तिचा हात थांबला.

"झाक त्याले," रामधन म्हणाला. त्याचा आवाज आता गोड नव्हता. "लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे. या दुकानात मेलेलं झाकत नाहीत."

"अन् फौजदार आला त काय सांगशीन?"

"काठ्या कोनाच्या होत्या ते सांगीन. इळा कोनी चालवला तेही सांगीन." ती पदरानं माशा वारत होती. "अन् डोहात सुरुंग फुटला तई मी गप बसली, ते पह्यले सांगीन. तई बोलली असती त रंगरावभाऊची पोर बी राह्यली असती, अन् हा बी."

रंगरावच्या कानावर ते गेलं. तो जड पावलांनी आला. पानाच्या कडेशी थांबला, जुनं गिऱ्हाईक थांबायचं तसा, आणि मांडलेलं पाहत राहिला. मग खाली वाकून आपली काठी त्यानं जगदेवच्या अंगाशी पानावर ठेवली. लाल टोक लोकांकडं करून. रामधन त्याचा दंड ओढू लागला, "चाल, चाल येथून, येडा झाला का." रंगराव तिथंच धुळीत बसला.

कोणी तरी वर्दी दिली होती; कारंज्याच्या वाटेनं फौजदाराचा घोडा येत होता. धूळ दिसत होती, टापा अजून ऐकू येत नव्हत्या. गोजराबाईनं मोडका हात मांडीवर घेतला आणि जात्यावर बसल्यासारखी, पुढंमागं हलत, हळू आवाजात म्हणू लागली:

माझ्या रांजनात बाई, सावलीचं गार पानी
मेला त मांडीन, पानावर राजावानी