साच्याचं दार

थोरलीने शब्द टाकला म्हणून धाकट्या जावेला कारखान्यात काम मिळालं. काम तेलाचे कॅन बनवायच्या मशीनवर. वरून गरम प्लॅस्टिकची नळी लोंबत खाली यायची, साच्याचे दोन भाग तिच्यावर मिटायचे, आत हवा शिरायची आणि फुगलेला कॅन खाली पडायचा. मशीनला जाळीचं दार होतं. ते उघडलं की सगळं जागच्या जागी थांबावं, अशी सोय होती. पण त्या सोयीचा स्विच कुणी केव्हाच तारेने आवळून टाकला होता. दार सताड उघडं आणि मशीन आपलं चालूच.

"जाऊबाई, हे असंच चालवायचं?" धाकटीने पहिल्याच दिवशी विचारलं.

"सगळे असंच चालवतात. दार उघडझाप करत बसलीस तर माल कधी निघायचा? फक्त हात सांभाळ."

धाकटी चटपटीत. थोड्याच दिवसांत तिचा हात असा बसला की सुपरवायझर थोरलीला चिडवायचा, "बाई, जाऊ तुमचा पत्ता कापणार बघा!" थोरलीलाही ते ऐकून बरं वाटायचं.

एका दुपारी नळी वाकडी उतरली आणि साच्याच्या कडेला चिकटली. ती सोडवायला धाकटीने सवयीने हात घातला. साचा मिटला.

किंकाळी ऐकून थोरली धावली. तिने लाल बटण दाबलं. मशीन थांबलं, पण साचा उघडेना. ती दोन्ही हातांनी लोखंड ओढत राहिली. ते काय हलतंय! "अहो, फिटरला बोलवा कुणीतरी!" फिटरने येऊन साचा उघडेपर्यंत धाकटी थोरलीच्या खांद्यात दात रुतवून उभी होती. ओरडायचंही त्राण उरलं नव्हतं.

हॉस्पिटलात मनगटापासून पंजा काढावा लागला.

संध्याकाळी थोरली दोघींच्या पिशव्या न्यायला कारखान्यात आली, तर स्विचवरची तार गायब.

"साहेब उद्या विचारतील," सुपरवायझर खालच्या आवाजात म्हणाला. "तार तुमच्या जावेनेच बांधली होती म्हणा. तुमचं काम तरी टिकेल."

रात्रभर थोरलीचा डोळा लागला नाही. सकाळी साहेबांसमोर ती बोलली. "तार मी इथे लागले तेव्हापासून आहे. आणि असं चालवायला तिला मीच शिकवलं. तेही लिहून घ्या."

धाकटीवर ठपका आला नाही. दार दुरुस्त झालं. सुपरवायझर होता तिथेच राहिला, थोरलीला मात्र झाडलोटीवर टाकलं.

घरात धाकटा दीर तिच्याशी बोलेनासा झाला. ती रोज धाकटीला न्हाऊ घालायची, वेणी घालायची, भरवायची. धाकटी मुकाट्याने सगळं करून घ्यायची. काही महिन्यांनी दिराने बायकोला घेऊन वेगळं बिऱ्हाड करायचं ठरवलं.

"मी काही चुकले का गं आता?" सामान बांधताना थोरलीने विचारलं.

"नाही हो, जाऊबाई. तुम्ही नसतात तर मी जगले नसते." धाकटी भिंतीकडे बघत म्हणाली. "पण तुमचा आवाज कानावर पडला की मला ते मशीन ऐकू येतं. मी काय करू?"

थोरलीने गाठोड्याची गाठ घट्ट मारली आणि ते उचलून रिक्षापर्यंत नेऊन दिलं.